तोफ तीन मिनिटं आधी उडाली

बूसिद्रा, २ जून

आदरणीय शाजली मामांना भाचा लमजद याचा आदबीचा सलाम.

अल्लाच्या कृपेने इकडे आम्ही सगळे धडधाकट आहोत. (गावातले निम्मे लोक सध्या माझ्याशी बोलत नाहीत, पण तेही धडधाकट आहेत.) तुमचा गुडघा कसा आहे? जिन्याची एक पायरी चढली की कुरकुरतो म्हणाला होतात. ज्या डोळ्याला भिंग लावून तुम्ही घड्याळं उघडता, त्याला अजून आराम देत नाही ना? मामींनी साखरेच्या दुखण्यामुळे मकरूद खाणं बंद केलं, असं मागच्या पत्रात होतं. वाचून बरं वाटलं. फक्त ते तुमच्यासमोर बंद केलंय की तुम्ही दुकानात गेल्यावरही, एवढं जरा पाहून घ्या. खदूजा मामींना मी लहानपणापासून ओळखतो. मबरूकाने दोघांना सलाम सांगितला आहे. ती शेजारच्या खोलीत आहे आणि मी काय लिहितो याकडे तिचा कान आहे.

आपला अमल क्लब तिसऱ्या विभागात उतरला हे तुम्ही स्फाक्सच्या वर्तमानपत्रात वाचलं असेलच. चारच ओळींची बातमी होती. तिसऱ्या ओळीत 'गावातील तोफवाल्याच्या गोंधळामुळे' असं छापलंय, तो तोफवाला म्हणजे मी. तेव्हा खरं काय झालं ते माझ्याच हातचं तुमच्याकडे असावं. येत्या गुरुवारी नगरपालिकेत बैठक आहे. बुरुजावरच्या तोफेची किल्ली माझ्याकडे ठेवायची की काढून घ्यायची, हे तिथे ठरेल. माझे आजोबा, मग तुमचे मेहुणे म्हणजे माझे वडील, आणि गेली बावीस वर्षं मी, अशा तीन पिढ्या आम्ही रमजानात सूर्य बुडताच तोफ उडवून या गावाचा रोजा सोडवला. ती किल्ली माझ्या हयातीत दुसऱ्याच्या कमरेला लागली तर वडिलांच्या कबरीवर कोणत्या तोंडाने जाऊ? असो. तुमच्याकडे मागायचं काहीच नाही. फक्त कानावर घालायचं आहे.

सुरुवातीपासून सांगतो, कारण शेवटापासून सांगितलं तर सगळा दोष माझाच वाटतो.

क्लबाचं नाव 'अमल', म्हणजे आशा. ज्यांनी ते ठेवलं त्यांनी आपला बचाव पाहिलेला नसावा. सप्टेंबरात अध्यक्ष हाज मन्सूर यांनी राजधानीहून प्रशिक्षक आणला. माणूस शिकलेला. फळ्यावर बाण काढायचा, आणि बाण इतके सुंदर की आमची पोरं ते बघतच राहायची आणि बॉल त्यांच्या बाजूने निघून जायचा. सामन्याच्या दिवशी कुसकुस बंद, मिरचीचा हरिसा बंद, उकडलेली कोंबडी फक्त, असा त्याने नियम केला. आपली पोरं पहिला सामना हरली, दुसरा हरली, आणि तिसऱ्या सामन्याच्या मध्यंतरात डावा बचावपटू प्रेक्षकांतल्या आपल्या आईकडे जाऊन भाकरीला हरिसा लावून खाताना सापडला. प्रशिक्षकाने त्याला बाहेर बसवलं. त्याच्या आईने प्रशिक्षकाला जे सुनावलं ते मी लिहीत नाही, मबरूका ऐकते आहे. ऑक्टोबरच्या आत तो गृहस्थ फळा घेऊन राजधानीला परत गेला.

मग हाज मन्सूरनी आपल्या मेहुण्याला नेमलं. तो शाळेत कवायत शिकवतो. त्याच्या हाताखाली संघ रांगेत उत्तम उभा राहायचा. डिसेंबरपर्यंत आपण एकूण दोन सामने जिंकलो होतो, आणि त्यातल्या एकात समोरच्यांची बस चिखलात रुतल्यामुळे ते नऊ जणच पोचले होते. लोक म्हणाले, नजर लागली आहे. ठरलं, की गोलच्या रेषेवर मेंढा कापायचा आणि मांस गरिबांत वाटायचं. मेंढा आणला, तर कसाई आला नाही. (त्याच्या मुलाला संघातून काढलं होतं.) दुसरा कसाई मिळेपर्यंत मेंढा चार दिवस मैदानावर चरला आणि हाज मन्सूरच्या मागे मागे फिरू लागला. त्यांना त्याचा लळा लागला. आता कापायचं नाव काढलं की हाजच्या डोळ्यांत पाणी येतं. मेंढा अजून तिथेच आहे. कोपऱ्यातलं गवत तोच राखतो, आणि मैदानावर आपली जागा न सोडणारा या हंगामातला तो एकटाच. जानेवारीपासून मेहुण्यालाही घरी पाठवून हाज मन्सूर स्वतःच बाकावर बसायला लागले.

आता जानेवारीवर येतो, म्हणजे रमजानवर.

तुम्हाला आठवत असेल, बुरुजावर उभं राहिलं की डाव्या हाताला सूर्य बुडताना दिसतो आणि उजव्या हाताला अख्खं मैदान. आजोबांच्या वेळी तिथे मैदान नव्हतं, त्यामुळे त्यांची मान सरळ असायची. त्या दिवशी रविवार होता, विसावा रोजा. समोर ऐन रुम्मानाचा संघ. गुणांच्या तक्त्यात ते आपल्या शेजारी, म्हणजे तळाला. जो हरेल तो बुडेल असा सामना. वेळ अडीचची. पण रुग्णवाहिका उभी असल्याशिवाय सामना सुरू करता येत नाही, आणि आपली एकुलती एक रुग्णवाहिका तौहामी पावभट्टीवाल्याच्या सुनेला बाळंतपणासाठी घेऊन गेली होती. एकच मूल झालं असतं तर सगळं वेळेत झालं असतं. जुळी झाली. (मुबारक असोत, गोड पोरी आहेत.) गाडी परत येऊन सामना सुरू व्हायला पावणेचार वाजले. म्हणजे सामना संपायच्या आत रोजा सुटणार हे उघड होतं.

त्याची पद्धत ठरलेली आहे. तोफ झाली की आपला गोलकीपर बिल्गासिम पोटरी धरून आडवा होतो. पंच शिट्टी वाजवतात. डॉक्टर पेटी घेऊन धावतो. पेटीत पट्टी एक आणि खजूर चार किलो. दोन्ही संघ रेषेवर येतात, खजूर खातात, पाणी पितात, पंचही खातात, आणि तीन-चार मिनिटांत बिल्गासिमची पोटरी बरी होते. सगळ्यांना ठाऊक असतं, कोणी काही बोलत नाही. बिल्गासिम अडतीस वर्षांचा आहे, शाळेची बस चालवतो. हंगामभर त्याने एकट्याने आपल्याला वाचवलं. पडतो मात्र इतका खरा, की एकदा त्याची बायको रडत मैदानात आली होती.

तर आपण एक-शून्यने पुढे होतो. गोल कसा झाला ते विचारू नका, बॉल आपल्या माणसाच्या पाठीवर आपटून आत गेला आणि तो माणूस पाठमोरा असल्याने त्याला सर्वांत शेवटी कळलं. पण पुढे होतो. आणि मग ऐन रुम्मानावाले पेटले. सामन्याची आठ मिनिटं उरलेली. एकामागून एक पाच कॉर्नर घेतले त्यांनी. आपली उपाशी पोरं गोलच्या तोंडाशी मेंढरांसारखी गोळा झाली होती. बिल्गासिम एक बॉल मुठीने काढायचा, दुसरा पायाने, तिसरा बहुधा डोक्याने. बुरुजावरून मला त्याच्या तोंडाला पडलेली कोरड दिसत होती. (इतक्या लांबून दिसत नाही, असं मबरूका म्हणते आहे. मला दिसत होती.) सहाव्या कॉर्नरसाठी त्यांचा माणूस बॉल ठेवत होता. नेमक्या त्याच वेळी माझ्या घड्याळात पाच पंचवीस वाजले. माझ्या घड्याळात, असं म्हणतो आहे, मामा. मी वात पेटवली.

तोफ झाली. मशिदीतून बांग सुरू झाली, कारण गावात घड्याळं शेकडो असली तरी शेख अब्देलहफीज तीस वर्षं आपल्या तोफेवरच बांग देतात. टीव्हीवरची वेळ राजधानीची, ती आपल्याला लागू नाही. गावातल्या नऊ हजार माणसांनी खजूर तोंडात घातला, वर शोरबा प्यायले. मैदानावर बिल्गासिमने पोटरी धरली आणि आडवा झाला. आपली दहाही पोरं डॉक्टरच्या पेटीकडे धावली. ऐन रुम्मानाचेही निघाले.

पण शिट्टी झाली नाही. पंच लांबचा, कैरवानचा. तो मनगटाकडे बघत उभा. त्याच्या घड्याळात पाच बावीस झाले होते.

कॉर्नर घेऊन झाला होता, आणि बॉल येऊन थांबला तो ऐन रुम्मानाच्या नऊ नंबरपाशी. हा नऊ नंबर म्हणजे एक सभ्य, भिडस्त पोरगा. तो बॉलपाशी उभा राहून एकदा पंचाकडे बघे, एकदा रिकाम्या मैदानाकडे. मग तो बॉल पायाने ढकलत चालत चालत गोलपाशी आला. धावलासुद्धा नाही. आडव्या पडलेल्या बिल्गासिमपाशी थांबला आणि म्हणाला, "माफ करा हं काका." बिल्गासिमच्या तोंडात खजूर होता, त्यामुळे त्याला काही बोलता आलं नाही. पोराने बॉल हलकेच आत सरकवला. पंचाने गोल दिला. आणि तोफेनंतर बरोबर तीन मिनिटांनी त्याच पंचाने शिट्टी वाजवून खेळ थांबवला, खिशातून स्वतःचा खजूर काढला, बिस्मिल्लाह म्हटलं आणि सगळ्या गावाच्या डोळ्यांदेखत शांतपणे रोजा सोडला.



एक-एक. दोन गुण गेले. पण गुणांचं कोणाला सुचतच नव्हतं, कारण तोवर प्रत्येकाच्या पोटात शोरबा होता. शुक्रवारी शेख अब्देलहफीजनी खुतब्यात सांगितलं, की तोफेवर विसंबून ज्यांनी खाल्लं त्यांच्यावर पाप नाही, पण तो रोजा मोडला, तेव्हा पुढच्या रमजानच्या आत प्रत्येकाने एक दिवस धरून तो भरून काढावा. आणि तोफवाल्याचं काय, असं मागून तौहामी ओरडला. शेख म्हणाले, घड्याळ चुकलं असेल तर तो माणूस आपल्यासारखाच फसलेला. जाणून उडवली असेल तर मात्र किल्ली त्याच्याकडे ठेवता येणार नाही. हाज मन्सूर म्हणाले, एवढ्यात नको, हंगाम संपू दे. क्लब वाचला तर विषयच मिटला.

म्हणजे जानेवारीपासून माझी किल्ली आपल्या बचावफळीच्या हातात होती. तुम्ही मला ओळखता, मी फार देवभोळा नाही, पण फेब्रुवारी ते मे मी जेवढ्या दुआ मागितल्या तेवढ्या लग्नाआधीही मागितल्या नव्हत्या.

आणि दरम्यान गावाने रोजे भरायला सुरुवात केली. सगळ्यांनी एकाच दिवशी धरून टाकला असता तर एका दिवसात सुटलो असतो. पण नाही. ज्याला जसा वेळ मिळेल तसा. त्यामुळे रोज सकाळी कोणी ना कोणी रस्त्यात गाठतं. न्हावी म्हणतो, "ये लमजद, बस. आज तुझा रोजा आहे मला. हात थरथरतोय, पण वस्तरा धरतो." शाळेचे मुख्याध्यापक सायकलवरून उतरून मुद्दाम सांगून जातात, "लमजदभाऊ, आज तुमचा." माझा कोणता? पण आता अख्खं गाव त्याला 'लमजदचा रोजा' म्हणतं. तौहामी तर दर सोमवारी आणि गुरुवारी पुण्याचे रोजे धरतोच, तरी भट्टीवर चिठ्ठी लावली, 'आज लमजदच्या रोज्यामुळे दुकान लवकर बंद.' त्याला किल्ली हवी आहे. त्याची लायकी काय, तर त्याला फुटबॉल आवडत नाही. नगरपालिकेत त्याने तेवढंच सांगितलं, आणि लोकांनी माना डोलावल्या!

मबरूकाने तिचा रोजा एप्रिलमध्ये धरला, लोकर धुवायच्या दिवशी, ऊन मी म्हणत असताना. संध्याकाळी पाण्याचा पेला खाली ठेवून म्हणाली, "तुझ्या क्लबाने गोल खाल्ला आणि तू माझा रोजा खाल्लास. क्लबाचं निदान तक्त्यात लिहून तरी ठेवतात."

शेवटचा सामना सतरा मेला, आपल्याच मैदानावर. जिंकलो असतो तर वाचलो असतो. शून्य-शून्य. शेवटच्या मिनिटाला आपला बॉल खांबाला लागून परत आला. कोणी ओरडलं नाही. सगळ्यांनी सवयीने आधी बुरुजाकडे पाहिलं. (बुरुजावर कोणी नव्हतं. मी त्यांच्यातच बसलो होतो.) ऐन रुम्माना सत्तावीस गुण, आपण सव्वीस. तो रविवार जसाच्या तसा राहिला असता तर आपण अठ्ठावीस आणि ते सव्वीस. हा हिशेब गावातल्या शेळ्यांनाही पाठ आहे.

सामन्यानंतर बिल्गासिम हातमोजे काढत माझ्याजवळ आला. वाटलं, आता हा तरी मारेल, बरं वाटेल. तो म्हणाला, "लमजद, तू तोफ उडवलीस, मी पडलो. दोघांनी आपापलं काम केलं. चल, चहा पाज." त्याने शिवी दिली असती तर मी त्या रात्री झोपलो असतो.

तर असं आहे. गुरुवारी काय व्हायचं ते होईल. तुम्ही काळजी करू नका, गुडघ्याला जैतुनाचं तेल कोमट करून लावत जा. मामींना आणि मुलांना प्रेम.

तुमचा आज्ञाधारक भाचा,
लमजद

ता.क. जाता जाता एक किरकोळ गोष्ट. ते घड्याळ तेच, जे डिसेंबरात तुमच्याकडून साफ करून आणलं होतं. तुमच्या दुकानाच्या छापील कागदावर, खाली शिक्क्यासह, एवढंच लिहून पाठवलंत तर उपकार होतील, की 'सदर घड्याळ माझ्या हातून दुरुस्त होताना काही दोष राहिला असावा आणि ते दिवसाकाठी तीन मिनिटं पुढे जात असावं.' 'असावं' पुरे आहे, शपथ नको. चाळीस वर्षांत तुमच्या हातून एकही घड्याळ चुकलं नाही हे सगळ्या स्फाक्सला ठाऊक आहे. म्हणूनच एक चुकलं तर तुम्हाला काय फरक पडतो? गुरुवारच्या आत मिळावं.

ता.क. २. पत्र पाकिटात घातलं होतं, पण तिकीट लावायला मबरूकाने दिलं नाही. ती म्हणाली, "मामांच्या नावाला काळिमा लावण्याआधी तुझ्या घड्याळाला चावी दे आणि रेडिओ लाव." लावला. घड्याळ सेकंदाला बरोबर आहे, मामा. आज शुक्रवार. बैठक काल झाली, आणि त्या कागदाची आता गरज नाही. विनंती खोडली नाही, कारण खाडाखोड तुम्हाला चालत नाही. नुसती वाचून सोडून द्या.

बैठकीत घड्याळाचं कोणी काढलंच नाही. शेख अब्देलहफीजनी एकच प्रश्न विचारला. म्हणाले, "लमजद बाळा, तो रोजा आम्ही सगळ्यांनी भरला. तू कधी भरलास?" एप्रिलमध्ये, असं सांगायला मी तोंड उघडलं. पण रोज्याच्या बाबतीत खोटं बोलायला जीभ वळली नाही. म्हटलं, "शेखसाहेब, मला भरायची गरज नव्हती." कारण तोफ उडवल्यावर मी तीन मिनिटं खजूर हातात धरून थांबलो होतो. सूर्य कुठे आहे ते मला दिसत होतं ना! सगळ्या गावात त्या दिवशी धड रोजा झाला तो माझा एकट्याचा, आणि त्या पंचाचा.

मग हाज मन्सूर हसायला लागले आणि त्यांना थांबता येईना. मग न्हावी. शेवटी शेखही दाढीवर हात फिरवत भिंतीकडे बघू लागले. तौहामी एकटा उभा राहून "किल्ली! किल्ली!" म्हणत होता. मी स्वतःच ती कमरेची काढून टेबलावर ठेवली.

निकाल असा लागला. एक, मी गावाच्या सोबतीसाठी एक रोजा धरायचा. तो आजच धरला आहे. जूनचा दिवस, सूर्य मावळायला अजून चार तास आहेत, आणि मबरूका शेजारच्या खोलीत मुद्दाम दार उघडं ठेवून ब्रीक तळते आहे. दोन, हाज मन्सूरनी दाखवून दिलं, की तिसऱ्या विभागातले सगळे सामने सकाळी दहाला असतात, म्हणजे तोफ आणि फुटबॉल यांची गाठच पडणार नाही. तेव्हा क्लब तिसऱ्या विभागात आहे तोवर किल्ली माझ्याकडे. ज्या दिवशी तो परत वर चढेल, त्या दिवशी तौहामीकडे. सगळ्यांनी सह्या केल्या, मीही केली.

ता.क. ३. बिल्गासिम आणखी एक वर्ष खेळतोय. हाज मन्सूरनी ऐन रुम्मानाच्या त्या नऊ नंबरला आपल्याकडे आणलाय, आणि कालच्या सरावात पोराने चार गोल केले. यंदा आपण वर जाणार असं सगळं गाव म्हणतंय. पहिला सामना सप्टेंबरात आहे, मी नेहमीच्या जागी बसणार आहे. मामा, तुम्ही वडीलधारे आहात, उलट टपाली एवढंच कळवा. आपला गोल झाला तर ओरडू ना?